व्हॉइसमेलच्या जाळ्यात निरनिराळ्या लांबीचे अंकी पत्ते कसे बसवावेत

व्हॉइसमेलचे सर्व्हर एकच असते तोपर्यंत पत्त्यांचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. सगळे मेलबॉक्स, म्हणजे प्रत्येकाचे निरोप साठवण्याचे क्रमांकित कप्पे, चार अंकी आहेत हे एकदा ठरले, की चौथा अंक दाबला जाताच पत्ता पूर्ण झाला हे यंत्राला कळते आणि ते पुढच्या कामाला लागते. अडचण सुरू होते ती दोन-चार यंत्रे एकमेकांना जोडल्यावर. एका ठिकाणी मेलबॉक्स तीन अंकी, दुसरीकडे चार अंकी आणि तिसरीकडे पाच अंकी असतात; ते प्रत्येक ठिकाणच्या लोकांच्या अंगवळणी पडलेले असतात, भेटपत्रांवर छापलेले असतात, आणि ते सरसकट बदलायला कोणी राजी नसते. अशा वेळी निरनिराळ्या लांबीचे पत्ते एकाच जाळ्यात नांदवावे लागतात. हे काम अवघड नाही, परंतु त्याचा निकाल सर्व्हरच्या स्क्रीनसमोर बसण्याआधी, कागदावरच लागलेला असावा लागतो.

सगळ्याच्या मुळाशी एकच नियम आहे. जाळ्यातला कोणताही पूर्ण पत्ता हा दुसऱ्या कोणत्याही पत्त्याची सुरुवात असता कामा नये. २४५ हा एक मेलबॉक्स असेल आणि २४५१ हा दुसरा असेल, तर फोनच्या बटणांवरून २, ४, ५ असे आकडे आल्यावर पत्ता संपला की अजून एक अंक यायचा आहे, हे ठरवण्याचे कोणतेही साधन यंत्राकडे नसते. ते वाट पाहते, आणि ठरलेल्या वेळात पुढचा अंक आला नाही तर २४५ हाच पत्ता धरून चालते. माझ्या देखरेखीखालच्या एका जाळ्यात नेमके हेच घडले होते. निरोप पाठवणाऱ्या बाईंनी यादीतून २४५ एवढे दाबले, शेवटचा आकडा नीट वाचण्यासाठी चष्मा लावला, आणि तेवढ्या दोन-तीन सेकंदांत यंत्राने पत्ता स्वीकारला. पगाराविषयीचा तो निरोप भलत्याच माणसाच्या मेलबॉक्समध्ये गेला. बाईंची चूक काहीच नव्हती. चूक पत्त्यांच्या आखणीत होती, आणि ती आखणी माझी होती.

हा नियम पाळूनही लांबी कमी-जास्त ठेवता येते, याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे देशांचे टेलिफोन संकेतांक. १ आणि ७ हे एक अंकी आहेत, ४४ हा दोन अंकी आहे, ८८० आणि ९७७ हे तीन अंकी आहेत. तरीही जगातल्या एक्स्चेंजचा कधी गोंधळ होत नाही, कारण १ ने किंवा ७ ने सुरू होणारा दुसरा संकेतांक नाही, ४४ ने सुरू होणारा तीन अंकी संकेतांक नाही, आणि ९७ हा नुसता संकेतांक कोणत्याही देशाला दिलेला नाही. पहिले एक, दोन किंवा तीन अंक पाहिले की संकेतांक कुठे संपतो ते आपोआप कळते. आपल्या जाळ्यातही हेच साधायचे आहे: पहिल्या एक-दोन अंकांवरून पत्त्याची लांबी निश्चित व्हावी.

आधी मोजदाद

पहिले काम म्हणजे प्रत्येक यंत्रावरचे सर्व मेलबॉक्स क्रमांक एकत्र करणे. माणसांचे मेलबॉक्स तर घ्यावेतच; त्याशिवाय वितरण याद्यांचे (एकच निरोप अनेकांना पाठवण्याच्या याद्यांचे) क्रमांक, फक्त घोषणा ऐकवणारे मेलबॉक्स, फॅक्ससाठी राखलेले क्रमांक आणि वापरात नसलेले पण अद्याप पुसून न टाकलेले मेलबॉक्सही घ्यावेत, कारण ही सगळी मंडळी त्याच अंकांच्या जागेत राहतात. वितरण यादी २४ या क्रमांकाची असेल तर ती २४ ने सुरू होणाऱ्या प्रत्येक मेलबॉक्सशी भांडणार, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

ही यादी स्प्रेडशीटमध्ये घेताना एक खबरदारी अत्यंत आवश्यक आहे. पत्ता अंकांचा असला तरी तो संख्या नव्हे, ती अक्षरांसारखी अंकांची ओळ आहे. रकान्याचे स्वरूप आधीच मजकूर असे ठरवले नाही, तर ०४५७ चे ४५७ होते आणि चार अंकी पत्ता मुकाट्याने तीन अंकी बनतो. एक्सेलमध्ये सर्वसाधारण स्वरूपाच्या रकान्यात अकरापेक्षा जास्त अंकांची संख्या दशांश आणि घातांक अशा रूपात दिसू लागते, आणि तीच फाइल स्वल्पविरामांनी विभागलेल्या मजकुरात साठवली तर शेवटचे अंक कायमचे जातात. पूर्ण आंतरराष्ट्रीय क्रमांक हेच ज्यांच्या जाळ्यातले पत्ते आहेत, त्यांनी हे विशेष सांभाळावे, कारण ई.१६४ या टेलिफोन क्रमांकांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे असा क्रमांक जास्तीत जास्त १५ अंकांचा असतो.

यादी तयार झाल्यावर ती मजकूर म्हणूनच चढत्या क्रमाने लावावी. मग टक्कर शोधणे फार सोपे होते. एखादा पत्ता दुसऱ्या कोणत्या तरी पत्त्याची सुरुवात असेल, तर अशा मांडणीत त्याच्या लगेच खालची ओळही त्याच अंकांनी सुरू होते: २४५, त्याखाली २४५१, त्याखाली २४५२. म्हणून प्रत्येक ओळीची तुलना फक्त खालच्या ओळीशी करावी लागते, आणि त्यासाठी स्प्रेडशीटमधले एक साधे सूत्र पुरते. संख्या म्हणून क्रम लावला, तर मात्र २४५ कुठे तरी वर राहतो, २४५१ शेकडो ओळी खाली जातो, आणि टक्कर डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही.

कागदावरची आखणी

आता एक उदाहरण सविस्तर पाहू. चार यंत्रे जोडायची आहेत. मुख्य कार्यालयाचे मेलबॉक्स २००० ते ४९९९, म्हणजे चार अंकी. कारखान्याचे ६१००० ते ६१९९९, पाच अंकी. एका जुन्या छोट्या कार्यालयाचे २०० ते ३९९, तीन अंकी. आणि नव्याने सामील झालेल्या विभागाचे पुन्हा २००० ते २९९९, चार अंकी.

येथे दोन वेगळ्या प्रकारच्या टकरी आहेत. नव्या विभागाचे क्रमांक मुख्य कार्यालयाच्या क्रमांकांशी हुबेहूब जुळतात. ही टक्कर कोणाच्याही नजरेत भरते. छोट्या कार्यालयाची टक्कर मात्र लपलेली आहे. प्रत्येक तीन अंकी पत्ता त्याच अंकांनी सुरू होणारे दहा चार अंकी आणि शंभर पाच अंकी पत्ते निकामी करतो, त्यामुळे २०० ते ३९९ हे दोनशे मेलबॉक्स तसेच ठेवले तर २००० ते ३९९९ हे मुख्य कार्यालयाचे दोन हजार पत्ते संशयास्पद ठरतात. आखूड पत्ता वापरायला सोपा असतो हे खरे, पण तो जागा फार खातो. जेथे माणसे थोडी असतात तेथेच क्रमांक आखूड असतात, आणि म्हणून सर्वांत छोटे कार्यालयच बहुधा सर्वांत मोठ्या कार्यालयाची जागा अडवून बसते.

यावरचा उपाय म्हणजे प्रीफिक्स. मेलबॉक्सचा स्थानिक क्रमांक जसाच्या तसा राहतो. जाळ्यातल्या बाकीच्यांसाठी त्याच्या आधी एक किंवा अधिक अंक जोडून जाळ्यातला पत्ता तयार केला जातो. छोट्या कार्यालयाला ७ हा प्रीफिक्स दिला की त्यांचे पत्ते ७२०० ते ७३९९ होतात. नव्या विभागाला ८५ दिला की त्यांचे पत्ते ८५२००० ते ८५२९९९ होतात. मुख्य कार्यालय आणि कारखाना यांना काहीही जोडावे लागत नाही. आता २, ३ किंवा ४ ने सुरू होणारा पत्ता चार अंकी, ६१ ने सुरू होणारा पाच अंकी, ७ ने सुरू होणारा चार अंकी आणि ८५ ने सुरू होणारा सहा अंकी, अशी विभागणी झाली. पाच हा अंक संपूर्ण मोकळा आहे, आणि ८० ते ८९ मधली उरलेली नऊ घरेही मोकळी आहेत. पुढे आणखी एखादा विभाग आला तर त्याला ८६ देता येईल. नव्या विभागाला नुसता ८ दिला असता तर ही सोय गेली असती, म्हणून मी दोन अंकी प्रीफिक्स निवडला. एक अंक जास्त दाबावा लागतो, पण पुढची दहा वर्षे जागा पुरते.

ही आखणी करताना कागदावर शून्य ते नऊ असे दहा रकाने आखावेत, प्रत्येक रकान्यात त्या अंकाने सुरू होणारे पत्ते कोणाचे आणि किती लांबीचे हे लिहावे, आणि एखाद्या रकान्यात दोन लांबी आल्या तर तो रकाना पुन्हा दहा घरांत विभागावा. असे करत गेल्यावर ज्या घरात दोन नोंदी उरतात तेथे टक्कर आहे असे समजावे. हा कागद पुढे सर्व्हरच्या शेजारी लावून ठेवण्याच्या लायकीचा असतो.

प्रीफिक्स निवडतानाची एक चूक वारंवार होते. समजा एका ठिकाणाला ८ हा प्रीफिक्स दिला आणि तेथील मेलबॉक्स चार अंकी आहेत. दुसऱ्या ठिकाणाला ८२ दिला आणि तेथील मेलबॉक्स तीन अंकी आहेत. पहिल्या ठिकाणच्या २३४५ चा पत्ता ८२३४५ होतो आणि दुसऱ्या ठिकाणच्या ३४५ चा पत्ताही ८२३४५ च होतो. लांबी सारखी, अंक सारखे, माणसे दोन. येथे थांबून वाट पाहण्याचाही उपयोग नाही. म्हणून प्रीफिक्सनाही आपसांत तोच नियम लावावा: एक प्रीफिक्स दुसऱ्याची सुरुवात असू नये.

शून्याने सुरू होणारे पत्ते शक्यतो टाळावेत. बऱ्याच यंत्रांवर शून्य म्हणजे ऑपरेटर किंवा मदत, स्टार म्हणजे मागे जाणे किंवा आज्ञा, आणि हॅश म्हणजे पत्ता संपला, असा संकेत असतो. आपल्या यंत्रावर ही बटणे कशासाठी राखलेली आहेत ते पत्ता विचारला जातो त्या टप्प्यावर स्वतः फोन लावून तपासावे, कारण मुख्य मेनूतला अर्थ आणि पत्ता विचारतानाचा अर्थ निराळा असू शकतो.

यंत्रावरची नोंद

यंत्र कोणत्याही निर्मात्याचे असो, दूरच्या प्रत्येक यंत्रासाठी एक नोंद करावी लागते आणि तीत साधारणपणे याच गोष्टी विचारलेल्या असतात: यंत्राचे नाव, जोडणीचा प्रोटोकॉल (दोन यंत्रांनी एकमेकांशी बोलण्याची ठरलेली पद्धत), मेलबॉक्स क्रमांकाची लांबी, प्रीफिक्स, आणि पत्त्यांची रेंज. काही यंत्रे लांबीसाठी एकच आकडा घेतात, काही किमान आणि कमाल असे दोन. दोन आकडे घेणाऱ्या यंत्रावर किमान ३ आणि कमाल १० असे ऐसपैस आकडे भरून मोकळे होण्याचा मोह आवरावा. जितकी खरी लांबी आहे तितकीच भरावी, कारण कमाल लांबी गाठली जाताच यंत्र न थांबता पुढे जाते, तर सैल आकड्यांमुळे प्रत्येक वेळी वाट पाहणे आले. लांबी मोजताना ती प्रीफिक्ससह धरायची की प्रीफिक्स वगळून, हे निर्मात्याच्या पुस्तिकेत पाहून ठरवावे. येथे एका अंकाची चूक झाली तर पूर्ण रेंज बंद पडते.

प्रीफिक्स भरताना दोन दिशांचा विचार करावा लागतो, आणि दुसरी दिशा सहसा विसरली जाते. निरोप बाहेर जाताना, वापरणाऱ्याने दाबलेल्या ७२४५ मधला ७ काढून छोट्या कार्यालयाच्या यंत्राला २४५ एवढेच द्यायचे असते, कारण त्याला ७ ठाऊक नाही. निरोप आत येताना मात्र पाठवणाऱ्याच्या २४५ या क्रमांकाला ७ जोडून घ्यायचा असतो. ही जोडणी केली नाही तर निरोप पोहोचतो, ऐकू येतो, सगळे ठीक वाटते. पण ऐकणारा उत्तर द्यायला जातो तेव्हा यंत्र २४५ हा पत्ता शोधते आणि सापडत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलताच सापडतो. ‘निरोप येतात पण उत्तर जात नाही’ अशी तक्रार आली, की सर्वांत आधी हीच नोंद उघडून पाहावी.

दूरच्या मेलबॉक्सची नोंद दोन प्रकारे ठेवता येते. एक तर प्रत्येक माणसाचे नाव आणि क्रमांक आपल्या यंत्रावर घालायचा, किंवा फक्त रेंज घालून ठेवायची आणि त्या रेंजमध्ये बसणारा कोणताही पत्ता स्वीकारायचा. लांबी कमी-जास्त असलेल्या जाळ्यात मी पहिल्या प्रकाराचा आग्रह धरतो. माणसाची नोंद असली आणि त्याच्या आवाजातले नावही साठवलेले असले, की पत्ता दाबल्यावर यंत्र ते नाव ऐकवते आणि चुकीचा पत्ता तेथल्या तेथे उघड होतो. नुसती रेंज असेल तर यंत्र दाबलेले आकडेच परत वाचून दाखवते. घाईत असलेला माणूस ते नीट ऐकत नाही, आणि पत्ता अस्तित्वात नाही हे निरोप परत आल्यावरच कळते.

वाट किती पाहावी

नियम कसोशीने पाळला तर दोन अंकांमधल्या टाइमआउटची, म्हणजे पुढच्या अंकाची वाट पाहण्याच्या ठरलेल्या वेळेची, गरज जवळजवळ उरत नाही. परंतु जुन्या जाळ्यात एखादी टक्कर काही महिने सहन करावीच लागते, आणि तेव्हा हा आकडा महत्त्वाचा ठरतो. आयएसडीएन या डिजिटल टेलिफोन जाळ्याच्या क्यू.९३१ या मानकात अंक एकेक करून येत असताना पुढच्या अंकाची वाट पाहणारा टी३०२ नावाचा टायमर १० ते १५ सेकंदांचा आहे. फोन जोडून देण्याच्या कामात तेवढे चालते, पण निरोप पाठवण्यासाठी दहा सेकंद शांतता ऐकणारा माणूस फोन बंद पडला असे समजून ठेवून देतो. मी पाच सेकंद ठेवतो. दोन सेकंद ठेवले की यंत्र चपळ वाटते, पण कागदावरून क्रमांक वाचून दाबणाऱ्यावर अन्याय होतो. त्याच वेळी ‘पत्ता पूर्ण झाल्यावर हॅश दाबा’ अशी सूचना ध्वनिमुद्रित करून पत्ता विचारण्याच्या जागी घालावी, म्हणजे सरावलेल्या माणसाला थांबावे लागत नाही.

प्रोटोकॉलनुसार येथे एक फरक पडतो. व्हीपीआयएम या व्हॉइसमेल यंत्रांमधल्या निरोपांच्या देवाणघेवाणीच्या मानकात, ज्याची दुसरी आवृत्ती १९९८ मध्ये आरएफसी (इंटरनेटच्या मानकांचे दस्तऐवज) २४२१ म्हणून आणि सुधारित रूप २००४ मध्ये आरएफसी ३८०१ म्हणून प्रसिद्ध झाले, निरोप ई-मेलसारखा जातो आणि मेलबॉक्सचा क्रमांक ई-मेल पत्त्याच्या डाव्या बाजूला संपूर्ण लिहिलेला असतो. त्यामुळे एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जाताना २४५ आणि २४५१ यांत गोंधळ होत नाही. दोन्ही आपापल्या जागी पुरे आहेत. गोंधळ होतो तो माणूस बटणे दाबतो त्या जागी. म्हणूनच व्यवस्थापनाच्या संगणकावरून चाचणी निरोप पाठवून सगळे पोहोचले असे पाहणे पुरेसे नाही. चाचणी फोनवरून, बोटांनी अंक दाबूनच करावी.

बदल अमलात आणताना

आधी बॅकअप घ्यावा. त्यानंतर बाहेर जाणाऱ्या निरोपांची रांग रिकामी होऊ द्यावी, कारण रांगेत अडकलेल्या निरोपांवर जुन्या रूपातले पत्ते असतात आणि नवे नियम लागू होताच ते परत फिरतात. सगळ्या ठिकाणांचे निरोप ज्यातून जातात असे मध्यवर्ती यंत्र असेल तर नवे पत्ते आधी त्यावर घालावेत आणि मग एकेका ठिकाणी जावे. उलट क्रमाने गेल्यास टोकाचे यंत्र नवा पत्ता पाठवते आणि मधले यंत्र तो ओळखत नाही.

जुने पत्ते लगेच पुसून टाकू नयेत. लोकांच्या मेलबॉक्समध्ये बदलापूर्वीचे निरोप साठलेले असतात, त्यांवर पाठवणाऱ्याचा जुनाच पत्ता असतो, आणि त्यांना उत्तर दिले की ते जुन्या पत्त्याकडेच निघते. निरोप जितके दिवस साठवून ठेवण्याची मुभा आहे, निदान तितके दिवस जुना पत्ता पर्यायी पत्ता म्हणून चालू ठेवावा. ज्या जुन्या पत्त्याची टक्करच दूर करायची आहे तो मात्र असा ठेवता येत नाही. त्या माणसांना उत्तर न देता नवा निरोप पाठवा असे आधीच कळवावे. लोकांनी स्वतः तयार केलेल्या वैयक्तिक वितरण याद्यांतही जुने पत्ते असतात, आणि अनेक यंत्रांवर त्या आपोआप बदलत नाहीत.

चाचणीसाठी प्रत्येक रेंजमधला पहिला आणि शेवटचा पत्ता घ्यावा, आणि रेंजच्या लगेच बाहेरचे दोन्ही बाजूंचे पत्तेही घ्यावेत. आमच्या उदाहरणात ७२०० आणि ७३९९ स्वीकारले गेले पाहिजेत, ७१९९ आणि ७४०० नाकारले गेले पाहिजेत. एक अंक कमी दाबून थांबून पाहावे: ७२० एवढे दाबल्यावर यंत्राने पत्ता अपुरा आहे असे सांगायला हवे, दुसऱ्या कोणाचे नाव ऐकवता कामा नये. एक अंक जास्त दाबून पाहावे, हॅशसह आणि हॅशशिवाय पाहावे, मधे मुद्दाम चार सेकंद थांबून पाहावे. पोहोचलेल्या प्रत्येक निरोपाला दुसऱ्या टोकाकडून उत्तर द्यायला लावावे, आणि एक निरोप तिसऱ्या ठिकाणी पुढे पाठवून तेथूनही मूळ पाठवणाऱ्याला उत्तर देता येते का ते पाहावे, कारण प्रीफिक्स जोडण्याची चूक या तिसऱ्या टप्प्यात सर्वांत जास्त उघडी पडते.

पहिला आठवडाभर रोज सकाळी परत आलेल्या निरोपांचा लॉग वाचावा. परत आलेल्या पत्त्याची लांबी पाहिली तरी बहुतेक वेळा कारण कळते: लांबी स्थानिक क्रमांकाएवढी असेल तर येताना प्रीफिक्स जोडला गेलेला नाही, प्रीफिक्स दोनदा दिसत असेल तर तो टोकाच्या यंत्रानेही जोडला आहे आणि मधल्या यंत्रानेही, आणि एक अंक कमी असेल तर टाइमआउट आखूड आहे किंवा यादी तयार करताना सुरुवातीचे शून्य गळाले आहे.